यवनाचा भोजनमंडप

कोण्या राजाने कोणता किल्ला जिंकला, हे आपण इतिहासात शिकतो आणि शिकवतो. माणसे कोठे बसून जेवली, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमात सहसा येत नाही. जुन्नरपुरते पाहिले, तर या प्रश्नाला दगडात कोरलेले उत्तर आहे. पुण्यातील महाविद्यालयांच्या परिसरात आज हमस आणि फलाफल देणारी साधी, स्वस्त उपाहारगृहे आहेत. 'मेडिटरेनियन' या शब्दाचे विद्यार्थ्यांना मोठे अप्रूप. परंतु भूमध्य समुद्राशी नाव जोडलेली भोजनाची जागा आमच्या परिसराला सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपासून ठाऊक आहे.

शिवनेरीच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतील एक छोटा प्राकृत लेख आहे. गतांपैकी चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दान दिला, एवढाच त्याचा आशय. लेखातील शब्द 'भोजनमटपो' असा आहे. हा 'मटप' म्हणजे संस्कृतातील मंडप, आणि आपला मांडव त्याचाच वंशज. मानमोडीच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याचा ४६ या वर्षाचा लेख आहे. त्यातही 'मटपो' हेच रूप येते. हे वर्ष शकगणनेचे मानल्यास इसवी सन १२४ येते. जुन्नरला चिट हा एकटाच यवन दाता नाही. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दिली. मानमोडीच्या भूतलेण्याच्या दर्शनी भागावर यवन चंदाचे नाव आहे.

'यवन' हा शब्द आयोनियाशी, म्हणजे ग्रीकांशी, जोडलेला आहे. अशोकाच्या लेखांत तो 'योन' म्हणून येतो. पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही तो लागू लागला. चिट आणि चंद ही नावे प्राकृत वळणाची आहेत, इरिल तसे वाटत नाही. 'गत' म्हणजे युरोपातील गॉथ, असे स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये सुचवले होते; ते सर्वमान्य झाले नाही. चिटाच्या रक्तात ग्रीक अंश किती होता, हे ठरवण्यापेक्षा त्याने स्वतःची ओळख 'यवन' अशी कोरून घेतली, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. परकेपण लपवावे, असे त्याला वाटले नाही. ते पुसावे, असे संघालाही वाटले नाही.

ही माणसे येथे का आली, याचे उत्तर सुमारे ३० किलोमीटरवरील नाणेघाटात आहे. कल्याण-सोपाऱ्याहून येणारा माल हा घाट चढून जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण, पैठण आणि तेर यांचे उल्लेख आहेत. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे, त्यातही इटलीच्या मद्याला पसंती. पश्चिम भारतातून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गहू, तांदूळ, तूप आणि तिळाचे तेल जाई, असेही तेथे नोंदले आहे. समुद्रावर केवळ सोने आणि मोती नव्हे, तर शिधाही प्रवास करीत होता.

मग चिटाच्या मंडपात इटलीचे मद्य आणि ऑलिव्हचे तेल होते काय? मुळीच नाही. भिक्षूंना मद्य वर्ज्य होते आणि मध्यान्हीनंतर जेवण निषिद्ध. जेवण इथल्याच धान्याचे असणार. जुन्नरच्याच एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिल्याची नोंद आहे. म्हणजे यवनाने दिले ते छप्पर. ताटातले अन्न या मातीचे.

येथे आजच्या उपाहारगृहांशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे पदार्थ परदेशी म्हणून मिरवतो आणि तो रांधणारा बहुधा इथलाच असतो. चिटाच्या मंडपात नेमके उलटे होते. शिवाय पदार्थांचे परकेपणही पक्के नसते. हमसचा हरभरा मूळचा आग्नेय तुर्कस्तानातला. जुन्नर-आंबेगावची मासवडी ज्या बेसनाची, तेही त्याच हरभऱ्याचे. भूमध्य स्वयंपाकघर ज्या टोमॅटोला आपला मानते आणि नारायणगावचा बाजार ज्याने भरतो, तो अमेरिकेतून सोळाव्या शतकानंतर जुन्या जगात पसरला. चिटाला तो ठाऊक असणे शक्यच नव्हते.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी खरा प्रश्न शब्दाचा आहे. मध्ययुगीन मराठीत 'यवन' हा शब्द मुसलमानांसाठी रूढ झाला. बखरी शिकवताना तो शत्रू या अर्थाने आमच्या वर्गात येतो आणि विद्यार्थी तोच अर्थ घेऊन बाहेर पडतात. धर्मशास्त्राच्या चौकटीत यवन म्लेच्छ ठरतो. त्याच्याशी अन्नव्यवहार नको. ज्या शिवनेरीवर १६३० मध्ये शिवरायांचा जन्म झाला, त्याच डोंगराच्या पोटातील लेखात मात्र यवन जेवणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर धरतो.

या लेखावरून त्या काळी सर्वत्र समरसता नांदत होती, असा निष्कर्ष काढण्याची घाई आम्ही करणार नाही. संघाचे नियम निराळे होते, गावातल्या पंगतीचे निराळे असू शकतात; मंडपात जेवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव लेखात नाही. तरीही एका शब्दाचा एकच अर्थ शिकवणे म्हणजे भाषेच्या स्मृतीचा अर्धा भाग पुसणे होय. बखर शिकवताना शिवनेरीचा हा लेखही फळ्यावर लिहावा. 'यवन' आणि 'भोजन' हे दोन शब्द एकाच ओळीत वाचण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागली पाहिजे.