प्रश्न विचारणारे पुणे : श्रद्धा, संशय आणि शास्त्र

श्रद्धा आणि संशय या दोघी जणू सवती आहेत, एक घरात आली की दुसरीने उंबरठ्याबाहेर पडावे, असे आपल्याकडे सामान्यतः मानले जाते. भगवद्गीतेने संशयग्रस्त मनाला दिलेला इशारा सर्वश्रुत आहे. आपल्या शुभवर्तमानातील थोमाचे नाव तर अविश्वासाचे प्रतीकच होऊन बसले आहे. परंतु गीतेचा आरंभ अर्जुनाच्या विषादातून आणि त्याच्या प्रश्नांतून होतो, याचा आपल्याला विसर पडतो. पुनरुत्थित प्रभूला ‘माझा देव’ म्हणून संबोधणारा प्रेषितही संशयी थोमाच होता आणि परंपरेनुसार भारतात शुभवार्ता आणणाराही तोच.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभही एका मागणीतूनच झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. जुनी पुराणे सुटली. त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, असा नवख्रिस्ती श्रोत्यांचा प्रश्न होता. फादरांनी त्या प्रश्नाचा अव्हेर केला नाही. त्यांनी लोकांच्याच भाषेत आणि त्यांना परिचित असलेल्या ओवीत उत्तर रचले. विचारणाऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर देणे हा आपला वारसा आहे. तो पुणे शहरात कसा जपला गेला आणि कोठे सांडला, याचा थोडा मागोवा येथे घेण्याचा आमचा विचार आहे.

पुण्यात कॅथोलिकांचे पहिले देवालय १७९२ साली उभे राहिले. पदरी असलेल्या ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी त्यासाठी जागा दिली. नाना पेठेतील निष्कलंक गर्भसंभव मातेचे देवालय, म्हणजे आपले सिटी चर्च, हे त्याचेच पुढचे रूप होय. एका धर्माच्या राज्यकर्त्याने दुसऱ्या धर्माच्या चाकरांना भूमी दिली, ही गोष्ट मोठीच. परंतु भूमी देणे वेगळे आणि एकमेकांच्या शास्त्रांना सामोरे जाणे वेगळे. ते सामोरे जाणे एकोणिसाव्या शतकात घडले. त्याचा सर्वांत तीव्र अनुभव घेतलेली दोन माणसे चित्पावन ब्राह्मण कुळांत जन्मलेली, संस्कृतात पारंगत आणि ख्रिस्ती झालेली होती. दोघेही कॅथोलिक नव्हते. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन पंथात झाला. म्हणून आपण त्यांना परके मानावे, असे मात्र आम्हांस वाटत नाही.

पहिले नाव नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे. जन्म १८२५ चा, वाढ काशीची. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतातून ख्रिस्ती धर्माचे मंडन करणारी ‘मतपरीक्षा’ लिहिली, तेव्हा तिचे खंडन करण्यासाठी विशीच्या आतबाहेर असलेल्या या तरुणाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचला. खंडन करायचे तर प्रतिपक्ष जाणला पाहिजे, म्हणून त्याने ख्रिस्ती ग्रंथ वाचावयास घेतले आणि वाचता वाचता त्याचा स्वतःचाच पक्ष डळमळू लागला. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्याचा स्नानसंस्कार झाला आणि तो नेहेमिया गोऱ्हे झाला.

येथे कथा संपली असती तर ती एका विजयाची कथा झाली असती. ती तशी नाही. गोऱ्हे यांना संशयाने आयुष्यभर सोडले नाही. १८५४ साली महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले. तेथील ख्रिस्ती जीवन पाहून ते इतके निराश झाले, की लंडनमध्ये जे दिसते तेच ख्रिस्तीपण असेल तर आपण परत जावे हे बरे, अशा मनःस्थितीत ते आपल्याकडे आल्याची आठवण मॅक्स म्यूलर यांनी नोंदविली आहे. पुढे १८७० साली गोऱ्हे यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. षड्दर्शनांचे परीक्षण करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे आणि प्रार्थनासमाजाच्या मंडळींशीही त्यांनी वाद केला. वेदान्ताचे दोष दाखवताना त्यांची लेखणी तीक्ष्ण होई, हे मान्य केले पाहिजे. आज त्या सुरात कोणी लिहू नये. परंतु दुसऱ्याच्या शास्त्राला विचारलेले कठोर प्रश्न ते स्वतःच्या श्रद्धेलाही विचारीत, ही त्यांची सचोटी होती. १८९५ साली ते निवर्तले.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येचा पहिला संशय पोथीतून नव्हे, भुकेतून जन्मला. शास्त्राज्ञेप्रमाणे दानधर्म, व्रते आणि तीर्थयात्रा करूनही १८७४ च्या सुमारास दुष्काळात तिचे आईवडील गेले. पुढे कलकत्त्यात तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. परंतु धर्मशास्त्रे वाचताना तिला आढळले, की इतर बाबतींत एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रिया आणि शूद्र यांना हीन लेखण्यात मात्र एकमताचे आहेत. वैधव्य आल्यावर १८८२ साली ती कन्येसह पुण्यास आली. येथे तिने आर्य महिला समाज स्थापिला आणि पंचहौद मिशनच्या भगिनींशी तिचा परिचय झाला.

१८८३ साली ती इंग्लंडला गेली. लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांना भगिनी सन्मानाने वागवीत आहेत, हे तिने पाहिले आणि या दयेचे मूळ विचारले. उत्तरादाखल तिला योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. शास्त्रातील शब्द आणि डोळ्यांपुढचे कृत्य यांचा मेळ तिला तेथे दिसला. बुद्धीचे समाधान होण्यास गोऱ्हे यांच्या भारतातून येणाऱ्या पत्रांचे साहाय्य झाले. ते ऋण तिने मोकळेपणाने मान्य केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे तिचा आणि कन्या मनोरमेचा स्नानसंस्कार झाला.

आता प्रश्न थांबतील, अशी भगिनींची अपेक्षा होती. ते वाढले. पवित्र त्रैक्य, कुमारीच्या उदरी जन्म, अथनेशियसचा मतांगीकार यांविषयी ती बायबलमधील आधार मागू लागली. भगिनींनी दिलेल्या क्रूसावर लॅटिन शब्द होते. लॅटिन भाषा संस्कृतहून पवित्र कशी, असे तिने विचारले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकतीच सुटलेली आपण दुसऱ्याचे जोखड डोळे मिटून घेणार नाही, अशा आशयाचे तिचे सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. सिस्टरना यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना मात्र प्रामाणिक शोध दिसला आणि त्यांनी धीराने चर्चा चालू ठेवली. एकाच पत्रव्यवहारातील हे दोन प्रतिसाद आम्ही धर्मगुरूंनी पुनःपुन्हा वाचण्यासारखे आहेत. त्रैक्य हे आपल्या श्रद्धेचे मर्म आहे, त्यात आम्हांस तडजोड नाही. परंतु जे सत्य आहे त्याला प्रश्नाचे भय कशाचे?

याच संदर्भात ‘शारदासदन’चे प्रकरण न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले हे विधवाश्रमाचे कार्य १८९० साली पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ होणार नाही, या विश्वासावर पालकांनी मुली पाठविल्या होत्या. रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे ठेवीत; मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ साली रानडे व भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आमच्या लोकांनी या घटनेत केवळ सनातन्यांचा छळ पाहिला. परंतु रानडे-भांडारकर सनातनी नव्हते. उघडे दार हा रमाबाईंचा हक्क होता, तसाच दिलेला विश्वास जपला जावा हा पालकांचाही हक्क होता. दोन्ही बाजूंना काही सत्य होते. धर्माधर्मांतील कठीण प्रसंग बहुधा असेच असतात.

रमाबाईंनी अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. खेड्यातील बाईला कळावे म्हणून संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. केडगावच्या मुक्तिसदनात छापलेले ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. संशयाने त्यांना शास्त्रापासून दूर नेले नाही, मूळ भाषांपर्यंत नेले.

तिसरा पुणेकर ख्रिस्ती झालाच नाही. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि त्यांनी थॉमस पेनही वाचला. रमाबाईंवर गहजब झाला, तेव्हा १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांनी तिची बाजू घेतली, स्वतः मात्र कोणताही एक ग्रंथ अंतिम मानला नाही. पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिलेला त्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी असे कुटुंब कल्पिले, की ज्यात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असून सर्व प्रेमाने राहतात. हे कुटुंब आम्हां धर्मगुरूंना अवघड वाटते. सारे धर्म सारखेच, असे आम्ही म्हणू शकत नाही. परंतु त्या घरात कोणी कोणाचा द्वेष करीत नाही, हे वाचून मान खाली घालावी लागते.

कॅथोलिक ख्रिस्तसभेला हा संवाद अधिकृतपणे आपलासा करण्यास १९६५ साल उजाडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या वर्षी २८ ऑक्टोबरला घोषित केले, की अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही. पुण्यात त्याची पूर्वतयारी झालेली होती. फादर गी दलरी यांचा विठ्ठलसंप्रदायावरील ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९६० सालीच प्रसिद्ध केला होता. पुढे फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी महाराष्ट्रातील आधुनिक तत्त्वचिंतनाचा अभ्यास केला आणि त्यांच्या प्रयत्नांतून स्नेहसदनात भिन्नधर्मीय माणसे एकत्र बसू लागली. वाद जिंकण्याचा काळ मागे पडून ऐकण्याचा काळ आला.

आणि आज? आमच्याकडे कन्फर्मेशनच्या वर्गाला येणारी मुले विचारतात: आमच्या हिंदू आजीचे तारण होईल का? शेजारचा मुसलमान मित्र नमाज पढतो, ती आमच्या देवाला ऐकू जाते का? उत्पत्तीचे सहा दिवस खरे की शाळेतले शास्त्र खरे? असे प्रश्न ‘पाखंड’ म्हणून दडपले तर मूल गप्प बसते. परंतु ते श्रद्धाळू झालेले नसते, केवळ दूर गेलेले असते. सिस्टर जेराल्डीन यांची तळमळ खोटी नव्हती, पण त्यांच्यापाशी धीर कमी पडला. बील बाईंपाशी तो होता.

वाचकांना आमची एवढीच विनंती आहे, की घरात एखाद्याने असा प्रश्न काढला तर त्याला लगेच गप्प करू नये. त्याच्याबरोबर शुभवर्तमान उघडून बसावे, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून शोधात सोबत करावी. प्रभूने थोमाला संशयाबद्दल हाकलून दिले नाही. त्याच्यापुढे आपले घायाळ हात धरले.