पॅलेसच्या मुळाशी मेंढरं

दिवाळी सरली की धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात. अशाच एका दिवसात वरंधा घाटात एक म्हातारे धनगर भेटले. एकटेच मागे राहिलेले, खांद्यावर नुकतं जन्मलेलं कोकरू. "बाकीची मंडळी कुठं गेली, बाबा?" असं विचारलं, तर म्हणाले, "वाडा म्होरं गेलाय."

माझ्या पुणेरी कानांना वाडा म्हणजे दगडी जोतं, दिंडी दरवाजा, दोन चौक आणि भाऊबंदकीचा दावा. तो आपल्या जागेवरून तसूभर हलत नाही. धनगरांचा वाडा मात्र रोज चालतो. मेंढरं, घोडी, बिऱ्हाड, रात्री मेंढरांभोवती लावायची वाघर हे सगळं मिळून वाडा. शब्द एकच. संस्कृतात 'वाट' किंवा 'वाटक' म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यावरून आपला वाडा आला. हिंदीतला 'बाडा' बराचसा गुरांपाशीच राहिला. मराठीत मात्र त्याच शब्दाने मेंढरंही सांभाळली आणि राजेही. धनगर घराण्यातल्या होळकरांनी इंदूरला राजवाडा बांधला, तेव्हा या शब्दाची दोन्ही टोकं एका घरात आली.

हे मी तेव्हाच विसरून गेलो असतो. पण पुढे व्हारो या रोमन पंडिताचं लॅटिन भाषेवरचं पुस्तक चाळताना एका ओळीपाशी अडखळलो आणि घाटातले बाबा आठवले.

आधी सर्वांना ठाऊक असलेला भाग उरकून टाकतो. इंग्रजी पॅलेस, फ्रेंच पाले, इटालियन पालात्सो, जर्मन फाल्त्स, पणजीच्या आदिलशाही राजवाड्याला पोर्तुगीज ज्याने ओळखत तो पालासियु, ही सगळी एकाच टेकडीची लेकरं. रोममधली ती टेकडी म्हणजे पॅलाटिन, लॅटिनमध्ये पलातिउम. कोणताही बरा शब्दकोश इथवर आणून सोडतो. पुढे दोन प्रश्न उरतात. टेकडीचं नाव घराला कसं लागलं? आणि मुळात टेकडीला ते कुणी दिलं?

पहिल्याचं उत्तर तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला इतिहास लिहिणाऱ्या कॅसियस डिओकडे आहे. सम्राटाच्या घराला पलातिउम म्हणावं असा ठराव कधीच झाला नाही, असं तो स्पष्ट लिहितो. पहिला सम्राट ऑगस्टस त्या टेकडीवर राहत होता आणि त्याच्या आधी तिथेच रोमचा संस्थापक मानला जाणारा रोम्युलस राहिला होता, म्हणून घराला मान आला. पुढे सम्राट दुसरीकडे मुक्कामाला गेला तरी त्या मुक्कामालाही पलातिउमच म्हणू लागले. म्हणजे रोमच्या राजवाड्यालाही पाय फुटले! धनी जाईल तिथे वाडा.

मौज अशी की ज्याच्यामुळे हे घडलं त्या ऑगस्टसचं घर राजवाडा म्हणण्यासारखं नव्हतंच. त्याचा रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो की हॉर्टेन्सियस नावाच्या वक्त्याचं जुनं घर त्याने घेतलं. आखूड ओसऱ्या, साध्या दगडाचे खांब, ना संगमरवर ना नक्षीची फरशी. चाळीस वर्षांहून अधिक काळ हिवाळ्या-उन्हाळ्यात तो एकाच खोलीत झोपला. साधेपणाचा देखावा राज्यकर्त्यांना किती उपयोगी पडतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण हा देखावा फार विचारपूर्वक मांडलेला होता. इ. स. पू. ३६ मध्ये घराच्या एका भागावर वीज पडली. ती जागा देवाने मागितली असं शकुन पाहणाऱ्यांनी सांगितलं, आणि तिथे अपोलोचं पांढऱ्या संगमरवराचं देऊळ उभं राहिलं. संगमरवर देवाला, साधा दगड मालकाला. पण भिंतीला भिंत लागून. इ. स. पू. २७ च्या जानेवारीत सेनेटने त्याच्या दाराशी लॉरेलची झाडं लावण्याचा आणि दारावर ओकच्या पानांचा मुकुट टांगण्याचा मान दिला. नागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला मिळायचा तो हा मुकुट. खांब आणि घुमट न वाढवता एक दार प्रतीक झालं, इतकं की इ. स. पू. १२ च्या सुमाराला ते दार, ती झाडं आणि तो मुकुट नाण्यावर आले. राज्यकर्त्याच्या घराचं दार खिशात घालून माणसं बाजाराला जात होती.

शिवाय शेजार. त्याच टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात कुडाची, गवताने शाकारलेली एक झोपडी होती. ती रोम्युलसची, असं रोमन लोक मानत. ऑगस्टसच्या मनात आधी 'रोम्युलस' हेच नाव घ्यायचं होतं, पण त्याला राजेपणाचा वास येईल म्हणून त्याने ते टाळलं. नाव टाळलं, शेजार टाळला नाही. गुराख्याची झोपडी आणि सम्राटाचं घर एकाच टेकडीवर असणं ही मला त्या काळातली सर्वांत हुशार वास्तुरचना वाटते. तिच्यासाठी वेगळी वीटही लागली नाही.

आता दुसरा प्रश्न, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो.

टेकडीच्या नावाची व्हारो चार कुळं देतो. एक, ग्रीसमधल्या आर्केडियातून इव्हँडर राजाबरोबर आलेले पल्लांत लोक. दोन, रेआते प्रदेशातल्या पलातिउम नावाच्या गावाहून आलेले वसाहतकार. तीन, लॅटिनस राजाची बायको पलांतो. आणि चौथं कुळ तो एका वाक्यात सांगून मोकळा होतो: काहींच्या मते हे नाव मेंढरांवरून पडलं, म्हणून नेव्हियस या कवीने टेकडीला 'बलातिउम' म्हटलं आहे. लॅटिनमध्ये 'बालारे' म्हणजे मेंढरांचं बें-बें करणं. पॅलेस म्हणजे बेंबेंगाव! मी अडखळलो ती ओळ हीच.

राजाची बायको सोडून देऊ. गावाला नाव मिळेना की लोक एखादी राणी उभी करतात. रेआतेचा पर्यायही फार पुढे नेत नाही, कारण मग त्या गावाचं नाव कशावरून हा प्रश्न पुन्हा दारात. पल्लांतांचं प्रकरण मात्र गंभीर आहे, कारण ते व्हर्जिलने उचललं. त्याच्या 'इनीड' या महाकाव्याच्या आठव्या सर्गात इव्हँडरचं पल्लांतेउम याच टेकडीवर आहे. तिथे राजाचं घर इतकं ठेंगणं की काव्याचा नायक एनियास याला वाकून आत जावं लागतं, आणि पुढे जिथे रोमचा फोरम होणार तिथे गुरं हंबरत असतात. म्हणजे ग्रीक कुळ सांगणाऱ्या कवीलाही गुरांशिवाय टेकडी रंगवता आली नाही. कुळ कागदावर ग्रीक, अंगणात शेण.

मेंढरांच्या बाजूचा मोठा साक्षीदार म्हणजे पलेस नावाची देवता. ती मेंढपाळांची. तिचा सण २१ एप्रिलला. त्या दिवशी गोठे झाडायचे, पेंढा पेटवायचा आणि जाळावरून उड्या मारायच्या. हाच दिवस रोम शहराचा जन्मदिवस मानला गेला. पलेस देव की देवी यावर खुद्द रोमनांचंच एकमत नव्हतं: व्हारो पुल्लिंगी म्हणे, व्हर्जिल स्त्रीलिंगी. इतका गोंधळ असलेली देवता शहरी पुजाऱ्यांनी बनवलेली नसते, ती रानातून आलेली असते, असं माझं मत आहे. टिबुलस हा ऑगस्टसच्या काळचा कवी तर तिची लाकडी मूर्ती थेट याच टेकडीवर उभी करतो, भोवती चरणाऱ्या गाई ठेवून.

इथे जाणकार वाचक मला अडवणार. व्हर्जिल, टिबुलस, प्रोपर्टियस हे सगळे कवी ऑगस्टसच्याच काळचे. नव्या राज्यकर्त्याला साधेपणाचं चित्र हवं होतं, कवींनी टेकडीवर गुरं सोडली. ही शब्दाची आठवण कशावरून, राजकीय चित्रकला कशावरून नसेल? आक्षेप चांगला आहे. पण नेव्हियस इ. स. पू. तिसऱ्या शतकातला. पहिल्या प्युनिक युद्धात लढलेला माणूस. ऑगस्टसच्या जन्माला तेव्हा दीडशेच्या आसपास वर्षं अवकाश होता. कवींनी गुरं आणली नाहीत. ती आधीपासून होती, त्यांनी फक्त त्यांच्या गळ्यात घंटा बांधल्या.

दुसरा प्रतिस्पर्धी आकाशातून येतो. फेस्टस नावाच्या कोशकाराने एक एट्रुस्कन शब्द नोंदवला आहे: 'फलद' म्हणजे आकाश. (आपल्या फलदशी त्याचा काही संबंध नाही, नसता आनंद करू नये.) त्यावरून पलातिउम म्हणजे उंचवटा, आकाशाकडे गेलेली जागा, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. लॅटिनमध्ये 'पलातुम' म्हणजे टाळू, आणि एका जुन्या कवीने आकाशाच्या घुमटाला टाळू म्हटलं आहे, हा त्यांचा आवडता पुरावा. मांडणी देखणी आहे. मला ती पटत नाही, कारण रोमच्या टेकड्यांत पॅलाटिन काही आकाशाला भिडणारी नाही, आणि पलातिउम हे आधी तिच्या दोन माथ्यांपैकी एकाचंच नाव होतं, दुसऱ्याचं केर्मालुस.

माझा स्वतःचा कौल 'पालुस' या शब्दाकडे आहे. पालुस म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंटा, मेख. खुंटे ठोकून केलेलं कुंपण, कुंपणात मेंढरं, मेंढरांची देवता पलेस: एकाच वाड्याच्या तीन भिंती. यावर व्याकरणाचा आक्षेप लगेच येतो आणि देवनागरीत तो लख्ख दिसतो. पलातिउममधला 'प' ऱ्हस्व आहे, पालुसमधला 'पा' दीर्घ. बालारेही दीर्घच, तेव्हा नेव्हियसची कोटीही त्याच काट्यावर अडते. बचावाला मार्शल हा कवी आहे. त्याच्या वृत्तात पलातिउमचं पहिलं अक्षर दीर्घ मोजावं लागतं. पण मार्शल पहिल्या शतकाच्या अखेरचा, सम्राट डोमिशियनने टेकडीभर राजवाडा पसरला त्या काळचा. उशिराचा साक्षीदार, हे मला कबूल. तरी मी माझा खुंटा उपटत नाही. १९४८ साली त्याच नैर्ऋत्य कोपऱ्यात उत्खनन झालं, तेव्हा मऊ खडकात कोरलेल्या लोहयुगातल्या झोपड्यांच्या जागा मिळाल्या. भिंती नाहीत, छप्पर नाही. राहिली आहेत ती खांब रोवण्याची भोकं.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. ऑगस्टसनंतरच्या सम्राटांपैकी टायबेरियसने टेकडीवर बांधलं, कॅलिग्युलाने घर फोरमपर्यंत वाढवून कॅस्टर आणि पोलक्सचं देऊळ आपली देवडी केली. नीरोने 'सोन्याचं घर' बांधलं आणि त्यात काय ठेवलं? कुरणं, मळे, रानं आणि नाना प्रकारची पाळीव-रानटी जनावरं. लोकांना तो उधळेपणा वाटला. मला वाटतं शब्द आपल्या माहेरी जाऊन आला. नंतर शब्द ग्रीकांकडे गेला आणि तुर्कांकडे पोचला, तेव्हा 'प'चा 'ब' झाला: इस्तंबूलमधल्या एका जुन्या वस्तीचं नाव आजही बलात आहे. नेव्हियसच्या कोटीतला 'ब' इतक्या शतकांनी असा परत आला.

आणि ती झोपडी? हॅलिकर्नाससचा इतिहासकार डायोनिसियस सांगतो की वाऱ्यापावसाने काही मोडलं तर राखणदार ते जसंच्या तसं दुरुस्त करत, जास्त भव्य काही करत नसत. इ. स. पू. १२ मध्ये कावळ्यांनी वेदीवरचं जळतं मांस उचलून तिच्यावर टाकलं आणि ती जळाली, असं डिओने लिहून ठेवलं आहे. ती पुन्हा उभी राहिली असणार, कारण चौथ्या शतकातल्या रोमच्या विभागवार यादीत ती सापडते. दहाव्या विभागाचं नाव पलातिउम. त्याखाली ऑगस्टसचं घर आहे, टायबेरियसचं आहे, देवळं आहेत. पहिली नोंद रोम्युलसच्या झोपडीची आहे.