अंगातलं रगत आणि लोहाचा साठा

ओतूरहून माळशेजच्या वाटेला लागलं की डिंगोरे येतं. इथं एखादी सून कांद्याच्या काढणीत धापा टाकायला लागली, की घरची म्हातारी निदान सांगून मोकळी होते : ‘अंगात रगत न्हाई तिच्या.’ आशाताई म्हणते ‘एचबी (हिमोग्लोबिन) कमी आलंय’, डॉक्टर म्हणतात ‘ॲनिमिया’. गंमत अशी की ‘ॲनिमिया’ हे ग्रीकमध्ये म्हातारीचंच वाक्य आहे : ‘ॲन’ म्हणजे नाही, ‘हैमा’ म्हणजे रगत.

आपले जुने शब्द मात्र रंगावरून आले. ‘रक्त’ म्हणजे मुळात रंगवलेलं; धातू ‘रंज्’. रंग, राग, अनुराग ही सगळी त्याची भावंडं, आणि ‘विरक्त’ म्हणजे ज्याचा रंग उडाला तो. ‘पांडू’ म्हणजे फिकट, म्हणून पांडुरोग. (काळ्या विठोबाला पांडुरंग का म्हणतात, हे कोडं वेगळं.) ‘रक्तक्षय’ हा शब्द मला कधीच पटला नाही. क्षय म्हटलं की गावातला माणूस टीबीच समजतो आणि उगाच हबकतो.

रगत कमी पडण्यामागे बहुधा ज्याची उणीव असते, तो ‘लोह’ शब्द तर आणखी चकवतो. आज लोह म्हणजे लोखंड, आणि लोखंड म्हणजे ‘लोहखंड’. पण जुन्या संस्कृतात ‘लोह’चा अर्थ तांबूस, आणि तांबूस म्हणून तांबं. ‘लोहित’ म्हणजे लाल, आणि रक्तही. काळ्या धातूला तेव्हा ‘श्याम अयस्’ म्हणत. लोह हे नाव त्याला पुढे चिकटलं. तेव्हा ‘लोह-लोहित’ जोडी दाखवून ‘रक्तात लोह असतं हे पूर्वजांना ठाऊक होतं’ असं कुणी सांगू लागलं, तर ऐकून सोडून द्यावं. नातं लाल रंगाचं आहे, लोखंडाचं नव्हे. रक्तातलं लोह अठराव्या शतकात बोलोन्याच्या मेंघिनीने लोहचुंबक लावून दाखवलं. पूर्वजांचं श्रेय दुसरीकडे आहे : चरकसंहितेत पांडुरोगावर नवायस चूर्ण सांगितलंय, नऊ औषधी आणि त्यांच्या बरोबरीने नऊ भाग लोहाचा चुरा. कारण ठाऊक नव्हतं, गुण ठाऊक होता.

रिपोर्टवर हल्ली एक नवी ओळ दिसते : ‘सिरम फेरिटिन’. नळीतलं रक्त थोडा वेळ तसंच ठेवलं की साखळतं. गुठळी खाली बसते आणि वर पिवळसर निवळ राहते, तीच सिरम. लॅटिनमध्ये ‘सेरुम’ म्हणजे दूध फाटल्यावर सुटणारं पाणी. ‘फेरुम’ म्हणजे लोखंड. त्यावरून चेक शास्त्रज्ञ लाउफबर्गर यांनी 1937 मध्ये घोड्याच्या प्लीहेतून वेगळ्या काढलेल्या प्रथिनाला फेरिटिन हे नाव पडलं. शरीर जास्तीचं लोह या प्रथिनात भरून ठेवतं. त्याचा अंश रक्तात उतरतो, आणि 1972 पासून तो मोजता येऊ लागला. त्याआधी साठा पाहायचा तर हाडातली मज्जा सुईने काढून निळ्या रंगात रंगवावी लागे.

या साठ्याला बोलीत शब्द नाही, कारण तो दिसत नाही. पण डिंगोऱ्याच्या माणसाला तो समजावणं सोपं आहे. पिंपळगाव जोगे धरण हाकेच्या अंतरावर, आणि ‘उपयुक्त साठा’, ‘मृतसाठा’, ‘आवर्तन’ हे शब्द इथं चहाच्या टपरीवरही चालतात. आवर्तन सुटलेलं असताना कालवा भरून वाहतो. धरण किती उतरलं ते कालव्याकडे बघून कळत नाही. एचबी हा कालवा, फेरिटिन ही धरणाची पातळी. बाईच्या अंगात साठ्याचं लोह साधारण 300 मिलिग्रॅम, पुरुषाच्या अंगात ग्रॅमभर. पाळी, बाळंतपणं आणि लोह कमी असलेला आहार यांत आधी हा साठा उपसला जातो. एचबी मागाहून घसरतं. म्हणून एचबी ठीक येऊनही बाई दमलेली असू शकते.

पातळीही फसवते. गाळ साचलेल्या धरणात पाणी आहे त्याहून जास्त वाटतं. तसं ताप, जंतुसंसर्ग, सांध्यांची सूज, यकृताचा आजार असताना फेरिटिन उगाच वर जातं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढासाठी मिलीलिटरला 15 नॅनोग्रॅमखाली साठा कमी धरला, पण संसर्ग किंवा सूज असेल तर हीच रेघ 70 वर नेली.

उपकेंद्रात बोटाला टोचून एचबी बघतात. फेरिटिनसाठी रक्त मोठ्या लॅबला जातं. तिथल्या मंडळींना एकच विनंती. फेरिटिनला संस्कृत प्रतिशब्द घडवत बसू नका, ते नाव राहू द्या. फक्त रिपोर्टवर त्याच्या शेजारी देवनागरीत ‘लोहाचा साठा’ एवढं छापा, आणि नमुना देताना अंगात ताप होता का, तेही लिहा.