रुळांची रुंदी, लहरींची रुंदी

दीक्षितपुऱ्यात एका आप्तांकडे मुक्कामाला असताना मी लॅपटॉप उघडला, तो आसपासच्या वायफाय जाळ्यांची यादी संपता संपेना. भिंतीला भिंत लागलेल्या त्या वस्तीत लहरींनाही दाटी झाली होती. अशा दाटीत कोणी किती रुंद जागा व्यापावी, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. मला तो प्रशासनाचा वाटतो.

जबलपूरकरांना रुंदीचा एक जुना निर्णय ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथून सातपुड्यातून गोंदियाकडे जाणारा रेल्वेमार्ग घातला गेला, त्याच्या दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट होते. गाडी मंद, डबे लहान. पण डोंगरवळणांतून ती कमी खर्चात जाऊ शकली. जबलपूरकडील तो अरुंद मार्ग २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला.

वायफायच्या चॅनेलचेही असेच आहे. त्याची मूळ रुंदी २० मेगाहर्ट्झ. ती १० केली, की तेवढीच शक्ती निम्म्या जागेत एकवटते. प्रत्येक संकेत दुप्पट वेळ टिकतो, त्यामुळे परावर्तित लहरींनी तो कमी बिघडतो. वेग मात्र घटतो : जुन्या मानकातील सेकंदाला ५४ मेगाबिटचे २७ होतात, आणि ५ मेगाहर्ट्झवर साडेतेरा. रणवीर चंद्रा, परमवीर बहल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये साध्या वायफाय कार्डांवर रुंदी ५ पासून ४० पर्यंत बदलून पाहिली. अरुंद चॅनेलने पल्ला वाढतो आणि वीजही कमी लागते, असे त्यांना आढळले. मात्र दोन्ही टोकांच्या यंत्रांवर रुंदी एकच हवी. साध्या फोनला असे जाळे दिसत नाही. म्हणून ही युक्ती दोन दूरच्या छपरांना जोडण्याच्या कामाची.

आता नियमाकडे वळू. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने इमारतीबाहेरही परवानामुक्त झाला. प्रक्षेपकाची कमाल शक्ती १ वॅट, तीही १० मेगाहर्ट्झ किंवा अधिक पसाऱ्यात, अशी अट होती. हेतू रास्त होता : शक्ती विरळ पसरावी, एकाने दुसऱ्यांना दडपू नये. पण माझ्या वाचनाप्रमाणे या शब्दांत १० चा चॅनेल बसतो, ५ चा बसत नाही. दूरच्या पाड्याला जो सर्वांत उपयोगी, तोच दाराबाहेर राहिला.

उलट दिशेने पाहा. हा पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्झचा. दाट गल्लीत एखाद्याने ४० चा चॅनेल घेतला, तर जवळजवळ अर्धा पट्टा त्याचाच. आणि तरीही तो नियमात बसतो. किमान रुंदीची चिंता नियमाने वाहिली. शेजारधर्माची चिंता वापरणाऱ्यावर सोडली.

अधिसूचना लिहिताना आपण आकडा लिहितो. प्रत्यक्षात वाटप करत असतो. तो आकडा कोणाच्या घरापर्यंत पोहोचतो आणि कोणाच्या दारात थांबतो, हे फाईल पुढे सरकवण्यापूर्वी एकदा विचारावे, एवढेच दीक्षितपुऱ्यातील त्या लांबलचक यादीने मला शिकवले.