दुष्काळातील अन्नदान : काही जुने दाखले

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम ग्रामस्थ, नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेले बंधू आणि माहेरवाशिणी यांच्या साहाय्याने तडीस गेले, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. शिल्लक रकमेतून अन्नदानाचा कायमचा फंड काढावा, अशी सूचना आता समितीपुढे आली आहे. महाप्रसाद तर होईलच. परंतु वर्षभर कोणाला, काय व कसे द्यावे, हे ठरवताना आपल्या महाराष्ट्रात पूर्वी काय घडले ते पाहणे उपयोगी पडेल, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

प्रथम आठवतात ते मंगळवेढ्याचे संत दामाजीपंत. पंधराव्या शतकात बहामनी राज्याचे ते अधिकारी होते. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांना खुली केली आणि पांडुरंगाने विठू महाराच्या रूपाने बीदरला जाऊन त्या धान्याची किंमत भरली, अशी कथा आपण कीर्तनातून ऐकतो. विठूने रक्कम भरून रीतसर पावती घेतली, असेही कथेत आहे. सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हा भाग फार आवडतो. प्रत्यक्ष देवालाही हिशेब पुरा करावा लागला!

पुढे १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ. यात तुकाराम महाराजांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. महाराजांच्या घरी सावकारी होती. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. देहूच्या मोडकळीस आलेल्या विठ्ठल मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांनीच केला. म्हणजे देऊळ बांधणारा आणि गरिबाचे देणे सोडणारा हात एकच होता. आपल्या स्मरणिकेत हे नमूद करणे मला अगत्याचे वाटते.

परंतु शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे ते १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात. त्या वेळी सरकारने दुष्काळी कामे काढली होती. खर्च कमी करण्यासाठी आलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल (इंग्रजीत या नावाचा अर्थ देऊळ, हा योगायोग!) यांनी १८७७ च्या आरंभी मजुराला दिवसाला १ पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य पुरे, असे ठरवले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढ्यावर जगायचे होते. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हे प्रमाण अपुरे असल्याचे सांगितले व काही महिन्यांनी तिकडे ते वाढवावेही लागले. आपल्या मुंबई इलाख्यात कित्येक मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने ठिकठिकाणची माहिती गोळा करून सरकारकडे तक्रारी पाठवल्या. देणाऱ्याने कागदावर हिशेब केला, पण घेणाऱ्याच्या पोटाला विचारले नाही, असेच म्हणावे लागेल.

त्याच वर्षी सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. जोतीराव फुले यांनी मे १८७७ मध्ये मदतीचे जाहीर आवाहन केले. देशोधडीला लागलेल्या कुटुंबांच्या मुलांना तिथे शिजवलेले अन्न मिळे. लहान मुलाच्या पदरात शेरभर ज्वारी टाकली, तर ती दळणार कोण आणि भाकरी थापणार कोण? सावित्रीबाई त्या एप्रिलमध्ये जुन्नरकडे ओतूरला होत्या. दुष्काळाचे हाल सांगणारे त्यांचे तेथून लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आधी गावोगाव जाऊन पाहिले, मग काय लागते ते ठरवले, ही त्यांची रीत होती.

१९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी सोसला आहे. सुकडी आणि तांबडी मिलो त्यांना सांगायला नको. त्या काळात माणसाला काम देऊन दाम देणे हा मार्ग रुळला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

आता आपल्या फंडाविषयी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील माणशी ५ किलो धान्य ठरवून दिले आहे. त्यामुळे ज्याच्याकडे कार्ड आहे, त्याला पुन्हा गहू-तांदूळ देण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्या घरी अडते ते गोडेतेल, तूरडाळ, मीठ-मिरची आणि दळणाचे पैसे. उलट, ज्याचे कार्डातून नाव गळले आहे, त्याला आधी धान्यच द्यावे आणि कोणीतरी सोबत जाऊन त्याचा अर्ज भरून द्यावा. हे दुसरे काम बिनखर्चाचे आहे, तरी कोणी करत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला चूल पेटवणे होत नसेल, तर शिधा नको, दोन वेळचा डबा पाहिजे. आणि घरात किडके म्हणून बाजूला काढलेले धान्य कृपा करून देवळात आणू नये.

सणावाराला देणारे पुष्कळ असतात. ओढ लागते ती ज्येष्ठ-आषाढात, पेरण्यांवर पैसा गेलेला असतो व मजुरीही नियमित मिळत नाही तेव्हा. फंडाचा मोठा हिस्सा त्या दोन महिन्यांसाठी राखावा, असे माझे मत आहे.

दात्यांची नावे सभामंडपात लागली आहेतच. घेणाऱ्यांची नावे मात्र फलकावर लावू नयेत, फोटोही काढू नयेत. ती समितीच्या वहीत असावीत व वही कपाटात. ग्रामस्थांनी आपल्या सूचना पुढील बैठकीपूर्वी समितीकडे लेखी द्याव्यात, ही नम्र विनंती.