नमुन्यातून वगळलेले खटले : जामिनाच्या एका प्रयोगाची गोष्ट

एमएस्सीला असताना शोधनिबंध वाचायची माझी एक ठरलेली पद्धत होती. आधी सारांश, मग तक्ते, मग निष्कर्ष. नमुना कसा निवडला, कोणाला घेतलं, कोणाला वगळलं, हा परिच्छेद मी सरळ ओलांडून पुढे जायचे. पीएचडीसाठी जामिनाच्या इतिहासाकडे वळले आणि ही सवय मोडावी लागली. ती एका प्रयोगामुळे मोडली. आज त्याचीच गोष्ट सांगते, कारण संशोधनाच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाला ती उपयोगी पडेल असं वाटतं.

१९६० च्या सुमाराची न्यूयॉर्क. लुई श्वाइट्झर नावाचे रसायन अभियंता आणि उद्योजक ब्रुकलिनच्या तुरुंगात गेले. तिथे खटल्याची वाट बघत पडून असलेली तरुण मुलं त्यांनी पाहिली. गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, जामीनही मंजूर झालेला, पण भरायला पैसे नाहीत म्हणून आत. श्वाइट्झर यांनी हर्बर्ट स्टर्झ या तरुण संपादकाला सोबत घेतलं आणि आपल्या आईच्या नावाने ‘व्हेरा फाउंडेशन’ काढलं. १९६१ मध्ये ‘मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट’ सुरू झाला.

प्रश्न साधा होता. पैसे न घेता, नुसत्या जातमुचलक्यावर सोडलं तर आरोपी तारखेला परत येतो का? त्या काळच्या अमेरिकी कायद्यात जामिनाचा हेतू एवढाच मानला जाई. १९५१ च्या ‘स्टॅक विरुद्ध बॉइल’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आरोपी हजर राहावा यासाठी जेवढी रक्कम वाजवी आहे, त्याहून जास्त जामीन मागणं हे घटनेच्या विरुद्ध आहे.

मग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अटक झालेल्यांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. किती वर्षं एकाच पत्त्यावर राहता? नोकरी आहे का? घरच्यांबरोबर राहता का? आधी शिक्षा झाली होती का? प्रत्येक उत्तराला गुण. न्यूयॉर्क परिसरातला पत्ता हवा आणि पाच गुण हवेत, म्हणजे माणूस शिफारशीला पात्र. घरच्यांबरोबर राहतो आणि कुटुंबातल्या इतरांशीही संबंध आहेत, याला थेट तीन गुण होते. पाचातले तीन! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्याला आवडेल असा भाग. पात्र ठरलेल्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाची शिफारस न्यायाधीशांपुढे ठेवली, दुसऱ्या गटाची माहिती मुद्दाम दडवून ठेवली. म्हणजे रीतसर कंट्रोल ग्रुप! शिफारस झालेल्यांपैकी दहातले साधारण सहा सुटले, दुसऱ्या गटात सहा-सातांतला एखादाच. पुढच्या तीनेक वर्षांत सोडलेल्यांपैकी मुद्दाम गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी राहिलं. १९६६ चा अमेरिकेचा केंद्रीय जामीन सुधारणा कायदा या प्रयोगाच्या जोरावर उभा राहिला.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी भारावून गेले होते. गाईडना सांगायला गेले, तर त्यांनी एकच विचारलं, “वगळलं कोणाला?”

परत जाऊन वाचलं. सुरुवातीच्या नियमांत काही गुन्ह्यांचे आरोपी मुलाखतीलाच घेतले जात नव्हते. खून, बलात्कार, अमली पदार्थ, पोलिसावर हल्ला. आणि त्याच यादीत मुलांवरचे लैंगिक गुन्हे व ‘मुलाची नीती बिघडवणे’ हा आरोप. कारणही प्रामाणिकपणे दिलं होतं : असे आरोपी सोडायला न्यायाधीश नाखूश असतात. प्रकल्प नवा होता, एक बातमी उलटी गेली असती तर सगळंच बुडालं असतं. पुढे ही यादी आखडत गेली, पण पाया रचला गेला तो या खटल्यांशिवाय.

यात लबाडी नव्हती. प्रयोग करणारा कुठेतरी रेघ ओढतोच. अडचण पुढे होते, निष्कर्ष प्रवासाला निघतो आणि रेघ मागे राहते.

आता ते तीन गुण आठवा. चोरीच्या आरोपात “घरच्यांबरोबर राहतो” ही जमेची बाजू. घर आहे, माणसं आहेत, पळून कुठे जाणार? पण आरोप घरातल्याच मुलाची हेळसांड केल्याचा किंवा त्याला धोक्यात घातल्याचा असेल तर? तेच उत्तर आता काळजीचं कारण. गणिताच्या भाषेत, चल तेच, चिन्ह उलटं. त्यातही आणखी एक गुंता आहे. कोर्टाने संरक्षण-आदेश काढून आरोपीला घराबाहेर राहायला सांगितलं, की त्याचा पत्ता जातो, घरच्यांशी संबंध तुटतो, कधी नोकरीही जाते. म्हणजे मूल सुरक्षित ठेवण्याचा उपायच आरोपीचे गुण कमी करतो. मोजमाप आणि उपाय एकमेकांत अडकले की साधी बेरीज चालत नाही.

मुळात प्रश्नच दोन आहेत. “हा परत येईल का?” हा एक आणि “तोवर मूल सुरक्षित राहील का?” हा दुसरा. व्हेराच्या प्रयोगाने पहिल्याचं उत्तर दिलं. दुसरा त्यांनी विचारलाच नव्हता.

अमेरिकेच्या कायद्यात दुसरा प्रश्न नंतर शिरला. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने धोकादायक आरोपीला खटल्याआधी अडकवून ठेवायची मुभा दिली आणि १९८७ मध्ये ‘सालेर्नो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. २००३ च्या कायद्याने, पीडित अल्पवयीन असलेल्या काही केंद्रीय गुन्ह्यांत आरोपीला सोडू नये असं गृहीतक आणलं. ते खोडायची संधी आरोपीला आहे. २००६ च्या अ‍ॅडम वॉल्श कायद्याने तर अशा खटल्यांत सुटका झालीच तर इलेक्ट्रॉनिक पाळत आणि संचारबंदी या अटी सक्तीच्या केल्या. काही जिल्हा न्यायाधीशांनी यावर आक्षेप घेतला. माणूस कोण, आरोप कसा, हे न बघता सगळ्यांना एकच अट कशी, असा त्यांचा मुद्दा होता. २०१० मध्ये दोन अपील न्यायालयांनी मात्र कायदा टिकवला.

गंमत म्हणजे खुद्द न्यूयॉर्क राज्य उलट्या बाजूला उभं राहिलं. तिथे जामीन ठरवताना ‘धोकादायकपणा’ हा निकष आजही नाही. मुलाला धोक्यात घालणं हा तिथे किरकोळ वर्गातला गुन्हा. २०२० पासून लागू झालेल्या सुधारणेनंतर अशा आरोपात सहसा पैशाचा जामीन मागता येत नाही. त्याच वर्षी दुरुस्ती झाली आणि सर्वांत वरच्या श्रेणीत नोंद असलेल्या लैंगिक गुन्हेगारावर हा आरोप असेल, तर जामीन मागायची वाट मोकळी झाली. मुलाच्या सुरक्षेचं काम संरक्षण-आदेश आणि कौटुंबिक न्यायालय यांच्याकडे. एकाच प्रसंगातून दोन कोर्टांत दोन कामं चालतात.

हे सगळं परक्या मुलखातलं म्हणून सोडून देऊ नका. १९७९ च्या ‘हुसैनारा खातून’ खटल्यात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी सर्वोच्च न्यायालयापुढे आले. काही जण तर संभाव्य शिक्षेपेक्षा जास्त काळ आत होते. न्या. भगवती यांनी तेव्हा याच मॅनहॅटनच्या अनुभवाचा आधार घेतला आणि जातमुचलक्यावर सोडताना काय बघावं याची यादी दिली : किती दिवस राहतो, नोकरी, कुटुंबाशी नातं, आधीची नोंद. व्हेराची प्रश्नावली आपल्याकडे पोचली ती अशी. हजारो गरिबांसाठी ती मोलाचीच होती. पण तिच्यासोबत वगळलेल्यांची यादी आली नाही.

आपल्या कायद्याने हे प्रश्न तुकड्यातुकड्याने सोडवले. बारा वर्षांखालच्या मुलाला टाकून देणं हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३१७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा, तरीही जामीनपात्र गुन्हा होता. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५ मुलाच्या हेळसांडीला शिक्षा देतं, पण जन्मदात्यांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडलं असेल तर ते जाणूनबुजून केलं असं धरू नये, हेही सांगतं. दुसऱ्या टोकाला पॉक्सो आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर सोळा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्काराच्या आरोपात अटकपूर्व जामीन बंद झाला आणि जामिनाच्या सुनावणीला फिर्यादी किंवा तिच्या वतीने कोणी हजर असणं बंधनकारक झालं.

या दोन टोकांच्या मध्ये बरीच घरं आहेत. लेकराला कुलूप लावून धुणीभांड्याला जाणारी आई आणि लेकराला मारणारा बाप, दोघांनाही ‘मुलाला धोका’ हेच शब्द लागू होऊ शकतात. आईला आत टाकलं तर मूल बालगृहात जातं. बापाला सोडलं तर मूल त्याच्याच पुढ्यात राहतं. चुकीचा निर्णय कुठल्याही बाजूने झाला तरी त्याची किंमत तेच मूल मोजतं, आणि आरोपी तारखेला हजर राहिला का, या आकड्यात ते कुठेच दिसत नाही.

म्हणून आता मी कुठलाही निबंध नमुन्याच्या परिच्छेदापासून वाचते. वहीत दोन ओळी लिहिते. कोण वगळलं आणि का? हा निष्कर्ष नंतर कोणाला लावला गेला? दोन्ही ओळींत एकच माणूस सापडला, की तिथे थांबते. माझा पीएचडीचा विषय मला तिथेच मिळाला. तुमच्या विषयातला सगळ्यांत नावाजलेला अभ्यास आज काढा आणि या दोन ओळी लिहून बघा.