बोरघाटाचा उतार

इ. स. १८५३ च्या एप्रिलच्या १६ व्या तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि दुसऱ्याच वर्षीं कृष्णशास्त्री भाटवडेकर यांनीं ‘लोखंडी रस्त्यांचें संक्षिप्त वर्णन’ हें पुस्तक मराठींत प्रसिद्ध केलें. जुन्या छापील ग्रंथांच्या संग्राहकांस तें परिचित असेलच. ज्या वस्तूचें दर्शन होऊन पुरतीं दोन वर्षेंहि लोटलीं नव्हतीं तिचें शास्त्र देशभाषेंत आणण्याची ही तत्परता कौतुकास्पद होय. मात्र त्या वेळचा आमचा लोहमार्ग सपाटीवरचा होता. खाडीकांठची भूमि सोडून सह्याद्रीस हात घालावयाचें अद्याप बाकी होतें. तो हात घातल्यावर जो प्रश्न उभा राहिला, त्याचा वृत्तांत येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

बोरघाटाच्या लोहमार्गाविषयीं जें लेखन झालें आहे त्यांत बहुधा चढाचें वर्णन असतें. इतके बोगदे, इतके पूल, इतकी उंची, असा हिशेब देऊन लेखक थांबतात. प्रस्तुत लेखकास असें वाटतें कीं, घाटाची खरी अडचण चढाची नसून उताराची होती. आणि प्रवास निर्धोक व्हावा म्हणून, पुढें तो धूररहित व्हावा म्हणूनहि, या घाटांत ज्या युक्त्या योजिल्या गेल्या त्यांचें मूळ उतारांतच सांपडतें. चढतांना वाफ कमी पडली तर गाडी थबकते, फार तर उभी राहते. उतरतांना मात्र तिचें स्वतःचें वजन हाच तिचा वैरी होतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फारसें घासत नाहीं. सपाटीवर हा गुण आहे, परंतु उतारावर, विशेषतः श्रावणांतल्या ओल्या रुळांवर, तोच प्राणघातक दोष ठरतो.

लोहमार्गापूर्वींच्या घाटाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. पायथ्याशीं खोपोलीस नाना फडणविसांनीं तलाव व महादेवाचें देवालय बांधिलें, तें आजहि आहे. इ. स. १८०४ त जनरल वेल्स्लीनें तोफांकरितां वाट सुधारली, आणि १८३० त सर जॉन माल्कम गव्हर्नर असतां चाकाची गाडी जाऊं शकेल असा रस्ता खुला झाला. तोंपर्यंत माल बैलांच्या पाठीवरून जाई. आणि बैलाची गोष्ट अशी कीं, उतारावर तो स्वतःच्या बुद्धीनें पाय रोवतो. यंत्राला ती बुद्धि नसते, ती माणसानें पुरवावी लागते.

इ. स. १८५६ त खालून खोपोलीपर्यंत व १८५८ त वरून पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रूळ पोंचले. मधला घाट उतारूंनीं पालखींत, तट्टावर किंवा पायीं ओलांडावा, अशी व्यवस्था कांहीं वर्षें चालली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स जॉन बर्कली यांनीं आखलेला घाटमार्ग पावणेसोळा मैल लांबीचा असून त्याचा चढ १८३१ फूट होता. बोगदे पंचवीस, आणि सर्वांत तीव्र उतार ३७ फुटांस १ फूट. पहिला ठेकेदार फॅव्हिएल यानें काम अर्ध्यावर सोडिलें. त्यापूर्वीं १८५९ च्या जानेवारींत मजुरी थकल्यावरून मजुरांचा मोठा दंगा झाला होता. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षीं, येथें येऊन कांहीं आठवडे झाले नाहींत तोंच, मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिनें ठेका आपल्या हातीं ठेवून काम तडीस नेलें, ही गोष्ट त्या काळाच्या मानानें असामान्य होय. बर्कली हेहि घाट खुला होण्यापूर्वीं, १८६२ त, निवर्तले. १८६३ च्या एप्रिलच्या २१ व्या तारखेस गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें उद्घाटन झालें.

नांवें येथवर सांपडतात. १८६१ च्या जानेवारींत या घाटावर बेचाळीस हजारांहून अधिक माणसें कामावर होतीं. सुरुंगाखालीं, कड्यावरून पडून व पटकीनें त्यांतील किती गेलीं याची नांवनिशी नाहीं. एका वाड्याच्या पायाभरणीस किती नारळ लागले हें आमच्या दप्तरांत मिळतें. या बेचाळीस हजारांपैकीं दहांचीं नांवें मिळवावयाचीं म्हटलीं तरी दिवस जातात. असो.

आतां उताराकडे वळूं. डोंगराचा एक सोंड इतका अरुंद होता कीं तेथें गाडीस वळण घेणें शक्य नव्हतें. म्हणून बर्कलींनीं ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ योजिलें. गाडी सोंडेवर येऊन उभी राही, इंजिन एका टोकाहून सोडवून दुसऱ्या टोकास जोडीत, आणि गाडी पाठमोरी निघे. उतारूंस त्यांत गंमत वाटे. पण या योजनेचा एक भयंकर अर्थ होता. उतरणारी गाडी तेथें थांबलीच पाहिजे, कारण पुढें रूळ संपून दरी सुरू होते. तिला थांबविण्याचें साधन काय? इंजिनाचा रोध आणि डब्यांवर बसलेल्या माणसांनीं हातानें फिरवावयाचे ब्रेक. इंजिनचालकानें शीळ घालावी, ती वाऱ्यापावसांतून मागच्या माणसानें ऐकावी, आणि चाक आवळावें. १८६७ त घाटांतील एक मोठा दगडी पूल ढांसळला. आणि १८६९ त उतरती गाडी न आवरल्यामुळें याच स्थानकावर अपघात झाला. पुलाचा दोष चुनाविटांचा म्हणून सुधारतां येतो. दुसरा दोष मात्र योजनेच्या मुळाशींच होता.

त्यावर दोन उपाय कालांतरानें रूढ झाले. पहिला निर्वात ब्रेक. यांत सर्व डब्यांतून एक नळी जाते व तींतील हवा काढून घेतलेली असते. चालकानें नळींत हवा सोडली, अथवा डबे तुटून नळी फाटली, कीं सर्व चाकांवर रोध एकदम बसतो. यांतलें मर्म वाचकांनीं लक्षांत घ्यावें. जुन्या ब्रेकांत रोध लावण्यास मनुष्याचा यत्न लागे, नव्यांत रोध काढून ठेवण्यास यत्न लागतो. यत्न थांबला कीं गाडी थांबते.

दुसरा उपाय याच न्यायाचा असून तो घाटांत आजहि चालू आहे. त्यास रेल्वेचे लोक ‘कॅच साइडिंग’ म्हणतात. मुख्य मार्गापासून एक फांटा काढून तो डोंगराच्या अंगास चढता नेलेला असतो, आणि पुढें तो कोठेंच जात नाहीं. सांधे एरव्हीं या फांट्याकडे लावलेले असतात, मुख्य मार्गाकडे नव्हे. उतरणाऱ्या गाडीनें तेथें थांबून आपण ताब्यांत आहों हें दाखवावयाचें, मग सांधे फिरतात व वाट मिळते. बेफाम झालेली गाडी आपोआप फांट्यांत शिरून चढावर दमते. आमच्या न्यायशास्त्रांत जो वादी पक्ष मांडतो त्यानेंच तो सिद्ध करावा असें मानतात. येथें उतरणाऱ्या प्रत्येक गाडीस आपल्या निर्दोषपणाचा पुरावा द्यावा लागतो, आणि तोंवर घाट तिला दोषी धरतो. ठाकूरवाडीच्या बाजूस गाडी विनाकारण थांबली असें म्हणून उतारू त्रागा करतात, तेव्हां प्रस्तुत लेखकास हंसूं येतें.

धुराचा प्रश्न निराळा, पण तोहि घाटानेंच तीव्र केला. चढावर इंजिनास अधिक कोळसा, आणि बोगद्यांत त्या धुरास जावयास वाट नाहीं. चालक व आगवाला यांची तेथें काय अवस्था होत असेल याची कल्पना ज्यानें वाफेच्या गाडींतून प्रवास केला आहे त्यासच येईल. लहानपणीं पुण्याहून मिरजेच्या बाजूस जातांना डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण व पदराच्या टोकावर फुंकर घालून डोळा शेकणारी आजी, हीं प्रस्तुत लेखकास अद्याप आठवतात. आणि तो मार्ग तर घाटाच्या मानानें सपाटच.

१९२५ च्या फेब्रुवारीच्या ३ ऱ्या तारखेस मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी धांवली. १९२९ त वीज कल्याणहून घाट चढून पुण्यास आली, आणि त्याच वर्षीं नवा मार्ग खोदून रिव्हर्सिंग स्टेशन कायमचें सोडून देण्यांत आलें. घाटाकरितां विंटरथूर येथील स्विस कारखान्याच्या आराखड्यानें एकेचाळीस इंजिनें आणविलीं. प्रत्येकाचें बळ २६०० अश्वशक्ति, आणि वळणांत वळावें म्हणून शरीर तीन तुकड्यांचें. लोकांनीं त्यांस ‘खेंकडा’ म्हटलें. त्यांपैकीं ‘सर लेस्ली विल्सन’ या नांवाचें इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत पाहावयास मिळतें.

या खेंकड्याची खरी करामत उतरतांना दिसे. उतारावर चालक त्याचीं चक्रयंत्रें उलट्या धर्मानें चालवी. जीं वीज खाऊन चाक फिरवीत, तींच आतां चाकानें फिरून वीज निर्माण करीत, आणि त्या श्रमानें गाडी आवरली जाई. ती वीज वरच्या तारेंत परत जाऊन, त्याच वेळीं घाट चढणारी दुसरी गाडी असल्यास तिच्या उपयोगी पडे. ब्रेकांचे ठोकळे तापून झिजत नसत, ठिणग्या उडत नसत. साठ वर्षें ज्या उतारानें सर्वांस धास्तावून सोडिलें होतें, तोच आतां चढणाऱ्यांस हात देऊं लागला. आजच्या इंजिनांतहि हीच पद्धति सुधारलेल्या स्वरूपांत आहे. १५०० व्होल्टची जुनी एकदिश वीज मात्र मुंबईच्या मार्गांवरून २०१६ त अस्त पावली.

घाटानें हीच गोष्ट दुसऱ्या एका रीतीनें आधींच दाखविली होती. लोणावळ्याकडे अडविलेलें पावसाचें पाणी नळांतून सुमारें १७०० फूट खालीं सोडून टाटांनीं १९१५ त खोपोलीस वीजगृह चालू केलें. नानांच्या तलावापासून तें दूर नाहीं. म्हणजे ज्या उंचीवरून गाडी आवरीत आणावी लागे, जवळजवळ तेवढ्याच उंचीवरून पाणी मुद्दाम मोकळें सोडिलें. या जलविजेनें प्रथम मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि पुढें उपनगरांच्या गाड्यांसहि ती मिळाली.

येथें दोन गोष्टी नमूद केल्या नाहींत तर तें लेखन एकांगी होईल. घाटमार्गाकरितां रेल्वेनें ठाकुर्लीजवळ चोळे येथें स्वतःचें वीजगृह बांधिलें, आणि तें कोळशाचें होतें. धूर नाहींसा झाला नाहीं. उतारूंच्या डोळ्यांतून निघून चोळ्याच्या धुराड्यांत गेला. बोगद्यांतल्या आगवाल्याची सुटका झाली हा लाभ लहान नव्हे, परंतु त्यास स्वच्छता म्हणतांना हिशेबाची दुसरी बाजू दाखवावी. दुसरी गोष्ट मुळशीची. टाटांच्या पुढच्या धरणाखालीं मावळ्यांचीं गांवें व भाताचीं खाचरें जात होतीं, म्हणून १९२१ पासून सत्याग्रह झाला. सेनापति पांडुरंग महादेव बापट यांनीं १९२४ त धरणाच्या कामावरील आगगाडी अडविली व त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगिली. धरण व्हावयाचें तें झालें, आणि १९२७ त भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें. धूर नसलेल्या विजेची किंमत कोणी दिली हें सांगतांना भागधारकांच्या आधीं मुळशी पेट्याचें नांव घेणें न्याय्य आहे.

घाटांतल्या हमरस्त्यावर शिंग्रोबाचें देऊळ आहे. शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें साहेबास डोंगरांतली वाट दाखविली, व बक्षीस म्हणून देशाचें स्वातंत्र्य मागतांच त्यास गोळी घातली, अशी कथा सांगतात. ही कथा समकालीन कागदावर नव्हे, लोकमुखावर उभी आहे. आमच्यांतील कांहीं चिकित्सक ती सरळ टाकून देतात. प्रस्तुत लेखकास तसें करवत नाहीं. बर्कलींची मोजणी खरी, आणि वाट आधीं माहीत असलेला कोणी डोंगरांत असलाच पाहिजे हेंहि खरें. बेचाळीस हजार बिननांवांच्या माणसांपैकीं लोकांनीं एकाला नांव दिलें व देव केलें, असा या कथेचा अर्थ लाविला तर ती इतिहासास बाधक होत नाहीं. मोटारचालक आजहि तेथें नाणें टाकून पुढें जातात.

कर्जतहून चढतांना मागें जोडल्या जाणाऱ्या जादा इंजिनांची नोंद, घाटाचे कामकाजी नियम, सांधेवाल्यांच्या वह्या, मजुरीचे हजेरीपट, असे कागद जुन्या रेल्वे नोकरांच्या घरीं माळ्यावर पडलेले असतात, आणि घर बदलतांना रद्दींत जातात. मोडी फर्मानासाठीं आपण दहा कोस चालतों. हे कागद त्यांहून वयानें लहान असले तरी दुर्मिळपणांत कमी नाहींत. ज्यांच्या संग्रहीं असे कांहीं असेल त्यांनीं तें, फाटकें असलें तरी जसेंच्या तसें, मंडळाच्या दप्तरखान्यांत आणून द्यावें. हजेरीपट असल्यास प्रथम.